न गिळलेली गोळी

मी हरणी बोलतेय. नाव हरणीचं असलं तरी मी कुत्री आहे. रंग तांबूस, पाय लांब, डावा कान थोडा फाटलेला. सध्या मी जिथं बसले आहे तिथं दुपारीही अंगात थंडी भरते आणि माणसं रस्त्यात भेटली की पावसाबद्दलच बोलतात. हे गाव आयर्लंड नावाच्या देशात आहे. माझं गाव जालना जिल्ह्यातलं राजूर. राजूरहून इथवर येताना मला कुणी माणूस आडवा आला नाही. आडवी आली एक गोळी, हरभऱ्याच्या डाळीएवढी.

माझा जन्म कारभारींच्या मेंढरांत झाला. कारभारी आणि त्यांची बायको आसराबाई राजूरच्या बाहेर, भोकरदनच्या रस्त्याला राहायचे. मी जन्मले तेव्हा माझी आई आजारी होती, म्हणून आसराबाईंनी मला मेंढीच्या दुधात भाकर कुस्करून वाढवलं. मोठी झाल्यावर माझं काम ठरलेलं होतं. लांडगा येऊ द्यायचा नाही, कोकरू मागं राहू द्यायचं नाही. मी ते मन लावून केलं. फाटलेला कान त्याच कामातला आहे.

बोकड कापला किंवा एखादी मेंढी मेली की तिची आतडी, काळीज, फुप्फुस आमच्यापुढं टाकलं जायचं. आम्ही तुटून पडायचो. नंतर आसराबाई माझ्या अंगावरून हात फिरवायच्या आणि त्याच हातांनी पीठ मळायच्या. त्यात काही वावगं आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला तर कोण सांगणार?

मग आसराबाईंच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आधी लेप झाले, मग गोळ्या झाल्या. एके दिवशी त्या मेंढरांमागं चालता चालता खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. त्यांना संभाजीनगरला नेलं. बावीस दिवसांनी कारभारी एकटेच कपडे न्यायला घरी आले. मी शेपटी हलवत धावले, तर त्यांनी काठी उगारली. त्या घरात माझ्यावर काठी उगारलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

त्यांनी मला पोत्यात घातलं आणि राजूरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पोत्यातून मला फक्त आवाज ऐकू येत होते.

"डॉक्टर साहेब, हिला सुई द्या. कायमची."

"काय केलं हिनं?" हे डॉक्टर धर्मराज होते.

"बाई मरता मरता वाचली माझी. काळजातून ही एवढी पाण्याची गाठ काढली. तिथले डॉक्टर म्हन्ले, कुत्र्याच्या पोटातल्या जंतानं होतंय. मंग हीच की! हिलाच तर रोज कुरवाळीत होती."

डॉक्टरांनी पोतं सोडलं आणि माझं तोंड बाहेर काढलं. "कारभारी, मेंढरांची कच्ची आतडी हिला कोण घालत होतं?"

कारभारींनी पोत्याची सुतळी उचलून खिशात घातली.

"मेंढरातून जंत हिच्यात आला, हिच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडली, ती हातावाटे बाईंच्या पोटात गेली. हिला मारून उद्या दुसरं कुत्रं आणाल, त्यालाही तेच घालाल. औषध आहे याला. एका गोळीचं काम आहे."

कारभारी खाली बसले. डोक्याचं मुंडासं काढून त्यांनी तोंड पुसलं. "आसराबाई म्हन्ली, मारू नका. पन डोळ्यापुढं नको म्हन्ली."

असं माझं घर सुटलं. डॉक्टरांनी मला दवाखान्यामागच्या शेडमध्ये वेगळं बांधलं. गोळी दिली, काही दिवसांनी पुन्हा दिली. तोवर माझ्याजवळ कुणाला येऊ दिलं नाही, माझी घाण चुना टाकून खोल पुरली. मला वाटायचं, ही शिक्षा आहे.

त्या शेडच्या जाळीशी रोज एक मुलगी थांबायची. यशश्री. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत ती कामाला होती आणि राजूरच्या शिवारातले कपाशीचे प्लॉट बघायला यायची. तिनं डॉक्टरांना विचारलं, "हिचं पुढं काय?" डॉक्टर म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. जगन्नाथराव पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्म्यावरून मला पाहिलं आणि म्हणाले, "घरात केस पडतील." तरीही जालन्याला जाताना मी त्यांच्याच पायांशी बसले होते.

दोन वर्षं सुखात गेली. मग यशश्रीला आयर्लंडमध्ये बियाण्यांवर संशोधन करायची संधी मिळाली, चार वर्षांसाठी. "हरणी येणार," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, गाडीत बसायचं आणि जायचं. पण माणसांच्या देशांना कुंपणं असतात आणि कुंपणाच्या फाटकाशी कागद लागतात. माझ्या मानेत ओळख-क्रमांकाची चिप बसवली. रेबीजची लस टोचली. महिन्याभरानं रक्त काढून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं, त्यानंतर तीन महिने थांबायचं होतं. आणि सगळ्यात शेवटी ती जंताची गोळी. तिथं उतरण्याआधी पाच दिवसांच्या आत, पण निदान चोवीस तास आधी, डॉक्टरांनी स्वतः द्यायची आणि तारीख-वेळेसकट लिहून सही करायची. त्या जंताचा एक भाऊबंद त्या देशात नाही, म्हणून ते इतके जपतात. चुकलं तर कुत्रं परत पाठवतात किंवा कोंडून ठेवतात.

धर्मराज डॉक्टरांची तोवर जालन्याला बदली झाली होती. मंगळवारी सकाळी ते घरी आले आणि पेढ्यात घालून त्यांनी मला गोळी दिली. पेढा मी गिळला. गोळी गालात राहिली. इतकी कडू, की जीभ आखडली. सगळे कागदांवर वाकले होते. मी हळूच कूलरच्या स्टँडमागं गेले आणि ती थुंकून टाकली.

"गेली पोटात," जगन्नाथराव म्हणाले. डॉक्टरांनी वेळ लिहिली, सही केली, शिक्का मारला.

पुढचे दोन दिवस घरात त्या गोळीशिवाय दुसरा विषय नव्हता. यशश्री फोनवर कुणालातरी सांगायची, "हो, टॅबलेट झाली, शनिवारी दुपारपर्यंत बरोबर बसतंय." मी त्या स्टँडपाशी जाऊन बसायचे. आपण काहीतरी बिघडवलंय एवढं मला कळत होतं. भुंकले तर यशश्री म्हणायची, "घाबरलीय बिचारी." पंजानं ओढायला गेले, तर गोळी आणखी आत सरकली.

गुरुवारी दुपारी आम्ही निघणार होतो. शुक्रवारी सकाळी दहाला मुंबईच्या क्वारंटाइन कार्यालयात कागद तपासून घ्यायचे, त्यानंतरच विमान. माझा पिंजरा गाडीत चढला होता. तेवढ्यात दारात कारभारी दिसले, आणि त्यांच्यामागं आसराबाई. डॉक्टरांकडून कळलं म्हणून निरोपाला आले होते. आसराबाई वाळल्या होत्या. त्या माझ्याजवळ आल्या नाहीत. लांब, कूलरला टेकून खाली बसल्या, पदर पोटाशी घट्ट धरून. मी दोन पावलं पुढं गेले, तर त्यांनी पाय आखडून घेतले. मी जागच्या जागी थांबले.

चहा झाला. उठताना आधाराला म्हणून आसराबाईंनी स्टँडखाली हात टेकला आणि बोटांना लागलेलं काहीतरी बाहेर काढून विचारलं, "बाई, ही कशाची गोळी हाय?"

यशश्रीनं गोळी पाहिली. "बाबा... ही मंगळवारची."

जगन्नाथरावांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर शहागडला जनावरांच्या शिबिरात होते. म्हणाले, "मुंबईत दुसऱ्यानं दिलेली माझ्या कागदावर चालणार नाही. माझ्याकडे आणा, नवीन कागद करतो. पण जल्दी करा, पाचला शिबिर संपतंय, मग मला पुढं जायचंय."

जगन्नाथरावांनी फोन ठेवला. घड्याळ पाहिलं. साडेतीन. "शहागड एका टोकाला, मुंबई दुसऱ्या. सकाळची वेळ चुकली तर विमान गेलं, आणि सोमवारी तुला तिकडं हजर व्हायचंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "यशू, कागदावर सही आहे, शिक्का आहे. हिला दोन वर्षं दर तीन महिन्यांनी गोळी दिलीय. हिच्या पोटात जंत असेलच कशाला? कोण विचारणार आहे?"

यशश्रीला ते पटावंसं वाटत होतं, हे मला तिच्या हातांवरून दिसत होतं. ती माझा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती.

"साहेब," आसराबाई म्हणाल्या, "मलाबी कुनी इचारलं नव्हतं."

जगन्नाथरावांनी मान खाली घातली.

"छातीपासून इथवर टाके हायेत माझ्या. सा महिने मला कोकरू उचलता आलं न्हाई. तिकडंबी कुनाची तरी मेंढरं असतीन, कुनाच्या तरी लेकी असतीन. असंल-नसंल मला कळत न्हाई. पन गोळी हितं माझ्या हातात हाय, तिच्या पोटात न्हाई."

यशश्रीनं डोळे पुसले आणि गाडीची किल्ली उचलली. "चला बाबा. शहागड."

"आमीबी येतो," आसराबाई म्हणाल्या. "ती डॉक्टरांच्या बापाला ऐकायची न्हाई. तिचं तोंड मला म्हाईत हाय."

अंबडपर्यंत रस्ता मोकळा होता. पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागं आम्ही अडकलो. जगन्नाथराव दर दोन मिनिटांनी वेळ सांगत होते. शेवटी यशश्री म्हणाली, "बाबा, प्लीज." मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली झाकलं. मी पिंजऱ्यात धापा टाकत होते. गोदावरीचा पूल दिसला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. शिबिराचा मांडव उतरवत होते. डॉक्टर जीपमध्ये बसले होते, पण जीप उभी होती.

डॉक्टरांनी माझा जबडा धरला. मी दात आवळले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मी मान झटकली, गोळी धुळीत पडली. "आता एकच उरलीय," ते म्हणाले.

तेव्हा आसराबाई पुढं आल्या. गुडघ्यावर बसल्या. दोन-अडीच वर्षांनी त्यांचा हात माझ्या तोंडाला लागला. त्या हाताला अजून मेंढरांचा वास होता. त्यांनी अंगठा माझ्या दाढेमागं घातला आणि मेंढीला औषध पाजतात तसं माझं तोंड वर केलं. मी उघडलं. डॉक्टरांनी गोळी जिभेच्या मुळाशी ठेवली. आसराबाईंनी तोंड मिटून गळा चोळला. मी गिळली. तरी त्यांनी सोडलं नाही. गालात बोट फिरवून पाहिलं. मग तशाच बसून राहिल्या, माझं डोकं मांडीवर धरून, पंधरा मिनिटं.

"ग्येली," त्या म्हणाल्या. साबणानं हात धुतले, दोनदा. आणि ओल्या हातानंच एकदा माझ्या पाठीवर थोपटलं. मग ती दोघं एसटी धरायला फाट्याकडे गेली.

रात्री घाटात ट्रक उलटल्यानं वाहतूक तासन्‌तास खोळंबली, आणि मुंबईत पोहोचायला आम्हाला शुक्रवारी दुपारचे बारा वाजले. दहाची वेळ गेली होती. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं आधी कागदांना हातच लावला नाही. मग कागद चाळताना त्यानं भुवया वर केल्या. "अर्जासोबत गोळीची तारीख मंगळवारची आली होती. इथं गुरुवार कसा?"

जगन्नाथरावांनी तोंड उघडलं, पण यशश्री आधी बोलली. सगळं सांगितलं. थुंकलेली गोळी, कूलर, शहागड. अधिकारी ऐकत राहिला. त्यानं डॉक्टरांना फोन लावला, आत गेला, दार लोटून घेतलं. आम्ही बाकावर बसलो. यशश्रीचा हात पिंजऱ्याच्या जाळीतून माझ्या नाकावर होता. कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं असताना तो बाहेर आला. कागदावर शिक्का होता.

शनिवारी इथल्या फाटकाशी एका बाईनं माझ्या मानेवर यंत्र फिरवलं, आकडा जुळवला, गोळीची वेळ बोट ठेवून वाचली आणि यशश्रीकडे बघून मान हलवली. पिंजरा उघडला.

आता मी इथं रुळतेय. टेकड्यांवर मेंढ्या दिसतात, पण मला पट्ट्यानं बांधूनच त्यांच्यापासून लांब नेतात. जीव तडफडतो. तरी मी ओढत नाही.

मागच्या आठवड्यात कारभारींचा फोन आला होता. राजूरला नवं पिल्लू आलंय, काळं. आसराबाईंनी स्वतः मागून आणलंय. आता मेलेल्या मेंढीची आतडी खड्डा करून पुरतात, आणि दवाखान्याची तारीख भिंतीवर कोळशानं लिहिलीय.

तुमच्या दारात कुत्रं असेल तर माझं एवढंच मागणं आहे. त्याला गोळी दिलीत की लगेच उठून जाऊ नका. आम्हाला बोलता येत नाही आणि आम्ही फसवतो. थोडा वेळ शेजारी बसा.