बर्नीसाठी सोडलेली जागा

लेस ओल्डरॉइडचे जुने सोलो अल्बम पुन्हा निघताहेत, ही पेपरातली बातमी मी नवऱ्याच्या हाती लागू दिली नाही. त्या पानात बटाट्याची सालं गुंडाळून टाकून दिली. आमच्या घरात लेसचं नाव निघत नसे.

तरुणपणी लेस आणि माझा बर्नी ग्रिम्सबीच्या बंदराजवळच्या पबांमधून एकत्र वाजवायचे. लेसची गिटार, बर्नीचा माउथ ऑर्गन. पुढे लेस लंडनच्या बँडमध्ये जाऊन नावारूपाला आला, आणि तो बँड सोडून स्वतःचा पहिला अल्बम काढताना त्याने बर्नीलाच बोलावलं. गिटार आणि ड्रम आधी एका स्टुडिओत टेपवर घेतले होते. बर्नीला दुसऱ्या स्टुडिओत तीच टेप ऐकत तिच्यावर वाजवायचं होतं. पण काही केल्या त्याचा सूर गिटारशी जुळेना. गिटारच्या खुंट्या पिळता येतात; माउथ ऑर्गनचा सूर कारखान्यातून येतो तोच. बर्नीने डब्यातले वेगवेगळ्या पट्ट्यांचे सगळे माउथ ऑर्गन वाजवून पाहिले. शेवटी लेस सगळ्यांदेखत म्हणाला, "कान फुटलेत का रे तुझे?"

अल्बम बर्नीशिवाय निघाला. बर्नी गावी परतला, मासळीला धुरी देण्याच्या कारखान्यात लागला, आणि आपला कानच खोटा, असं त्याने मनाशी धरलं. मुलीच्या वाढदिवसाला सगळे गायचे तेव्हा हा नुसते ओठ हलवायचा. ते बघून माझा जीव तुटायचा.

लेसचा मला असा राग यायचा! पण काय वाजवतो मेला! बाकीचे गिटारवाले भरमसाट सूर ओततात. हा एकच सूर धरतो, ताणतो, आणि आता तुटणार असं वाटतं तेव्हा अलगद खाली ठेवतो. त्या अल्बमात एक संथ गाणं आहे. मधेच गिटार थांबते, बराच वेळ नुसता ड्रम चालतो, आणि मग लेस असा काही परत येतो की हातातलं काम थांबतं. समीक्षकांनी त्या शांततेवर रकानेच्या रकाने लिहिले. बर्नी कामावर गेला की मी स्वयंपाकघराचं दार लावून ते गाणं ऐकायची. शिव्या देत ऐकायची, पण ऐकायची.

गेल्या रविवारी दार वाजलं, तर बाहेर लेस. पाठीत वाकलेला, काखेत नवी रेकॉर्ड.

"काय पाहिजे?" बर्नीने विचारलं.

"चहा."

"दूध संपलंय."

"बिनदुधाचा चालेल. ग्लेनिसच्या हातचा तसाही वाईटच असायचा."

"तोंड सांभाळ हं, लेस," मी म्हटलं आणि त्याला आत घेतलं.

तो बसलाच नाही. "बर्नी, आता जुन्या टेपा तपासल्या ना, तेव्हा कळलं. पहिल्या स्टुडिओतलं मशीन मंद चालत होतं. त्यामुळे दुसरीकडे टेप लावली की सगळं जरा जलद आणि चढं वाजायचं. माझी गिटारच वर सरकली होती रे. तू बरोबर होतास."

बर्नी खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"कंपनी म्हणाली, लोकांना चढ्याचीच सवय आहे, राहू दे तसंच. मी म्हटलं, मग माझं नाव काढा त्यावरून. आता सगळं मूळ सुरात आणलंय." त्याने रेकॉर्ड टेबलावर ठेवली. "सगळ्यांदेखत बोललो होतो तुला. चुकलो मी."

"आणि त्या संथ गाण्यातली ती शांतता?" मी विचारलं.

"कसली शांतता! ती याची जागा होती. दुसऱ्या कुणाला घ्यायला मन होईना, म्हणून रिकामी ठेवली."

बर्नी माझ्याकडे वळला. "दार लावून ऐकतेस तेच ना गं हे?"

मी लगबगीने चहाचं आधण ठेवायला वळले.

लेसने खिशातून कोरा माउथ ऑर्गन काढून पुढे केला. बर्नीने तो बाजूला सारला आणि कपाटाच्या खालच्या खणातून आपला जुना काढला. त्यावर धुळीचा कणही नव्हता. म्हणजे चोरी मी एकटीच करत नव्हते.

रेकॉर्ड लागली. गिटार थांबली, ड्रम चालू राहिला. बर्नीने माउथ ऑर्गन ओठांना लावला, पण फुंकर काही घातली नाही. जागा निघून गेली. लेसने मुकाट्याने सुई मागे नेली. या वेळी बर्नीने डोळे मिटले आणि वाजवलं. अगदी नेमका सूर लागला. लेसने टोपी काढून तोंडावर धरली. मी सरळ रडले.

काल नातीचा वाढदिवस होता. मेणबत्त्या लागल्या, सगळे गायला लागले, आणि बर्नीने असा काही आवाज लावला की नात कानांवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, हळू ना!"

"गाऊ दे गं त्याला," मी म्हटलं.