सहावा डोळा

मामा आला तेव्हा त्याच्या एका हातात रिकामी खोकी होती, दुसऱ्या हातात बिस्किटांचा जुना डबा होता आणि चेहरा इतका साळसूद होता की बहिणीने त्याला दारातच दटावलं.

"दादा, आज काही उद्योग नकोत हं."

"मी? आणि उद्योग? अगं, मी साधा घड्याळं दुरुस्त करणारा माणूस..."

"मागच्या वेळी फोन करून काय सांगितलंस? मधल्याचं डोकं बादलीत अडकलंय म्हणून! मी कामावरची पाळी अर्धवट टाकून धावत आले, तर तुम्ही चौघं चार बादल्यांत डोकी घालून गाणी म्हणत होतात."

"चालीवर म्हणत होतो."

ती हसू दाबत गेली. बसडेपोतल्या चौकशीच्या खिडकीत तिची रविवारी सहापर्यंत पाळी असायची. नवरा जहाजावर स्वयंपाकी, म्हणजे वर्षातले आठ महिने पाण्यावर. म्हणून रविवारची दुपार मामाची.

तीन पोरं, तीन वयं, तीन तऱ्हा. थोरली बारा वर्षांची. तिला सगळ्याचा कंटाळा यायचा आणि तो ती नीट दिसेल असा दाखवायची. मधला सातचा. पेन्सिली, जिन्याच्या पायऱ्या, शेजाऱ्यांच्या शिंका, काहीही मोजल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही, म्हणून घरात त्याचं नाव तपासनीस. धाकटी तीन वर्षांची. सगळ्यांच्या मागे मागे असायची, म्हणून ती शेपूट.

मामाने डबा जमिनीवर उपडा केला. खळ्ळकन घड्याळांचा सगळा भंगार माल बाहेर पडला. दातेरी चाकं, तुटके काटे, तबकड्या, पट्ट्यांच्या बारीक पिना.

"आज रोबो करायचे. प्रत्येकी एक."

"मामा, मी बारा वर्षांची आहे," थोरली म्हणाली.

"मग तू बघत बस. आजीबाईंचं काम नाहीच हे."

पाच मिनिटांत ती कात्री घेऊन खाली बसलेली होती आणि पंधराव्या मिनिटाला तिच्या रोबोचा हात कोपरात वाकत होता, कारण तिने पट्ट्याची पिन बिजागरीसारखी बसवली होती. मामा आतून फुलला, पण वरून म्हणाला, "ठीक आहे. बरं आहे." तपासनीसाने चाकं लहान ते मोठी अशी ओळीने चिकटवली, एकूण चौदा. शेपटीने अर्धा डिंक रोबोला लावला, अर्धा स्वतःच्या गुडघ्यांना, आणि गुडघ्यावर एक मिनिटकाटा चिकटवून घेऊन ती घरभर मिरवली.

अडलं ते डोळ्यांवर. पेनने काढून पाहिले, तर थोरली म्हणाली, "हे झोपेत चालल्यासारखे दिसतात." मग मामाने खिशातून एक छोटी डबी काढली. लोक गाड्यांच्या किल्ल्या दुरुस्तीला आणायचे, त्यांतले उतरलेले सेल त्यात होते. चपटे, गोल, नाण्याएवढे, लखलखीत. ते तो नेहमी वेगळे ठेवायचा आणि भरली डबी गोळा करणाऱ्याला द्यायचा. मेलेले सेल आहेत, ते काय करणार, असं त्याच्या मनात आलं. त्याने सहा काढून दिले. तीन रोबो, सहा डोळे. खरंच, खोक्यांना एकदम जीव आल्यासारखं झालं.

आणि मग त्याला राहवेना.

त्याने एक सेल चिमटीत धरला, तोंडाशी नेला, डोळे बटाट्याएवढे केले आणि "गट्टम!" म्हणून गिळला. म्हणजे तळहातात लपवला. मग शेपटीच्या कानामागे हात घालून अलगद बाहेर काढला. शेपूट हसून हसून आडवी झाली. "पुन्ना!" त्याने पुन्हा केलं. "पुन्ना!" पुन्हा केलं. थोरलीसुद्धा हसली, खाली मान घालून.

त्यानंतर तो थोरलीच्या रोबोची मान धरून बसला. डिंक वाळेपर्यंत हलायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती.

"मामा," तपासनीस म्हणाला, "डोळे पाचच आहेत."

"नीट मोज."

"दोनदा मोजले."

"शेपटीच्या रोबोचा पडला असेल. सतरंजीखाली बघ."

सतरंजी उचलली. खोकी झटकली. डिंकाची वाटी उलटीपालटी केली. मामा पोटावर झोपून कपाटाखाली हात घालून आला आणि त्याला तिथे जुना मोजा मिळाला. सेल नाही.

"शेपूट," तो म्हणाला, "रोबोचा डोळा कुठे गेला गं?"

"गट्टम," शेपूट म्हणाली. मग तिने मान वळवली, चिकट बोटांनी केस बाजूला केले आणि कान पुढे केला. "काढ."

मामाची बोटं सवयीने कानापर्यंत गेली. तिथे काय असणार?

नव्या सेलच्या पाकिटावर एक छोटं चित्र असतं. आ केलेलं बाळ आणि त्याच्यावर फुली. मामाने ते पाकीट हजार वेळा फाडलं होतं, बरोबर त्या फुलीवरून. आत्ता ते चित्र त्याच्या डोळ्यांसमोर येऊन बसलं आणि हलेना. त्याने घड्याळ पाहिलं. चार वाजून बारा मिनिटं.

त्याने बहिणीला फोन लावला.

"दादा, खिडकीपुढे रांग लागलीये."

"ऐक. शेपटीने सेल गिळलाय."

"अगंबाई! आणि कानातून निघाला का?"

"गंमत नाही गं, खरंच..."

"बादलीत ठेव तिला. ठेवते हं." आणि फोन बंद. त्याने परत लावला. तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला तोवर तिने फोनच बंद करून ठेवला होता.

"मामा, ही तुझी सगळ्यात फालतू गंमत आहे," थोरली म्हणाली. तिने मानसुद्धा वर केली नव्हती.

शेपटीला मांडीवर घेऊन मामा तिच्या चपलेचा पट्टा लावायला लागला. पट्टा बक्कलात जाईना. एकदा चुकला, दोनदा चुकला. डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू बसवणारा हा माणूस, त्याला चपलेचं बक्कल सापडेना.

थोरली बघत राहिली. मग तिने कात्री खाली ठेवली, पुढे आली आणि त्याचे दोन्ही हात बाजूला सारून पट्टा लावला.

"खरं आहे?" तिने हळूच विचारलं.

"खरं आहे."

"तपासनीस, चपला घाल. पटकन."

खाली बेकरीवाला पाव मोजून देत होता. मामाला पोरीला उचलून येताना पाहून तो खुशीत ओरडला, "काय राव! आज कुणाचं डोकं अडकलं?" मागच्या महिन्यात मामाने त्याच्या दारावर ‘आज पाव फुकट’ अशी पाटी लावली होती, तो ते विसरला नव्हता.

"काका," थोरली म्हणाली, "गाडी काढा. हिने सेल गिळलाय."

बेकरीवाल्याने मामाकडे नाही, पोरीकडे पाहिलं. हातातले पाव तसेच फळीवर टाकले, गिऱ्हाइकाला म्हणाला, "दुकान बघा जरा," आणि किल्ली घेतली.

गाडीत पावांच्या रिकाम्या ट्रेंमध्ये सगळे बसले. शेपटीच्या तोंडातून लाळ गळायला लागली होती. "दुखतं," ती म्हणाली. मामाने तिला पालथी धरली, बोट तिच्या तोंडाशी नेलं.

"नको!" थोरली ओरडली. ती मामाच्या फोनवर वाचत होती. "उलटी काढायची नाही असं लिहिलंय. सरळ दवाखान्यात न्यायचं."

मामाने बोट मागे घेतलं. तपासनीसाने मूठ उघडून दाखवली. आत एक सेल. "डॉक्टरांना दाखवायला आणलाय," तो म्हणाला. "अगदी तसलाच आहे."

थोरलीने मग डेपोच्या चौकशीचा नंबर लावला. तो बंद ठेवता येत नाही.

"आई, मी बोलतेय. मामाचे हात कापतायत."

पलीकडे रांगेतला गोंगाट ऐकू येत होता. आईने विचारलं, "कुठला दवाखाना?"

एक्स-रेवाल्याने पडद्याकडे बोट केलं. छातीच्या वरच्या भागात एक पांढरी गोल चकती. "नाणं असतं तर एकच कड दिसली असती," तो म्हणाला. "इथे दोन आहेत. सेलच."

डॉक्टरीणबाई लगबगीने आल्या. "किती वाजता गिळला?"

"चार बाराला कळलं. गिळून पाच-सात मिनिटं झाली असतील, जास्त नाही." मामाने ओठ ओले केले. "पण डॉक्टर, सेल मेलेला होता."

"गाडीच्या किल्लीपुरता मेलेला होता," त्या म्हणाल्या. "हिच्या अन्ननलिकेला जाळायला भरपूर जीव आहे त्यात." आणि शेपटीला घेऊन आत गेल्या. भूल द्यायची होती. दार लागलं.

मामा बाकावर बसला. थोरली त्याच्याजवळ बसली, पण एक हात जागा सोडून. तपासनीस फरश्या मोजत येरझारा घालत होता, मोठ्याने, आणि कुणीच त्याला गप्प बस म्हटलं नाही. एकशे चाळीसच्या पुढे तो चुकला. आजवर तो कधी चुकला नव्हता. तो तिथेच थांबला आणि त्याचा चेहरा रडवेला झाला.

बहीण आली ती डेपोच्या कोटातच, छातीवरचा बिल्ला उलटा फिरलेला. ती मामापुढे येऊन उभी राहिली. शिव्या येतील म्हणून त्याने मान खाली घातली. शिव्या आल्या नाहीत.

"दादा," ती म्हणाली, "गंमत केलीस ना रे?"

तो वर बघेना.

"सांग ना. मी रागवणार नाही. सगळे मिळून फसवताय ना मला? एक्स-रेवालासुद्धा तुझा मित्र आहे ना? सांग की."

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे तयार थाप नव्हती, आणि थाप मारायची इतकी इच्छाही त्याला कधी झाली नव्हती.

"नाही गं," तो म्हणाला. "खरंय."

ती तिथेच खाली, फरशीवर बसली. थोरली उठून तिच्याजवळ गेली. तपासनीसही गेला. बाकावर मामा एकटा उरला.

पाच वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी आणलेल्या पसरट वाटीत ती चकती होती. आता चकाकत नव्हती. एक बाजू काळी पडली होती.

"निघाला. आतून भाजलंय, पण भोक पडलेलं नाही. काही दिवस इथे राहावं लागेल, तोंडाने काही द्यायचं नाही, मग पुन्हा बघू. आणखी तासभर उशीर झाला असता तर मी हे इतक्या सहज सांगत नसते."

बहीण आत गेली. बराच वेळ गेला. मग ती दारात आली. डोळे सुजलेले, आवाज कोरडा.

"तुला बोलावतेय. मामा, मामा करतेय."

तो उठला.

"दादा. काही करायचं नाहीस. काहीही. नुसता बस."

शेपूट उशीवर चिमुकली दिसत होती, हाताला नळी लावलेली. मामाला बघताच तिच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या. ती वाट बघायला लागली. मामा तोंड वाकडं करेल, शिंकेल, खुर्चीवरून पडेल. काहीतरी नक्की होणार.

मामा खुर्चीवर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, तळवे वर, दारातून बहिणीला रिकामे दिसतील असे. शेपूट बघत राहिली, मग तिची पापणी जड झाली. तिला झोप लागेपर्यंत तो जागचा हलला नाही.