थांबलेला मीटर

इमारतीच्या पार्किंगमध्ये पन्नासेक माणसं माना उंचावून एका मीटरकडे बघत होती. नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक गाडीला प्लग लावलेला, बॅटरीचा आकडा वर चढतोय आणि घराच्या मीटरचा आकडा ढिम्म. शेजारी पांढऱ्या कोटातले चार्जमहाराज, हातात हिरव्या दिव्याची पेटी.

"पेट्रोल म्हणजे मेलेल्या जीवांचं तेल. त्याला शाप आहे, म्हणून ते महाग. माझी पेटी चैतन्य आणते. चैतन्य मीटरला मोजता येत नाही."

अकरा घरांनी पेट्या घेतल्या होत्या. अट एकच, पेटी महाराज स्वतः बसवणार, तेव्हा आसपास कोणी थांबायचं नाही. का, ते एकाही शिकल्यासवरलेल्या माणसाने विचारलं नव्हतं.

मी वायरमन. या इमारतीचा पाण्याचा पंप माझे काका चालवतात. त्यांचा डबा घेऊन आलो, तर पंपाच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला. पंपाचं बिल तिप्पट आलं होतं आणि सेक्रेटरीने काकांची गचांडी धरली होती.

"कोणाला वीज विकलीस? बोल."

"साहेब, पंप बंद केला की मी भिंतीवर मीटरचा आकडा लिहितो. परत सुरू करायला येतो, तर आकडा पुढे गेलेला असतो. महिनाभर तुम्हाला सांगतोय."

सेक्रेटरीने लोखंडी पाना उचलला आणि काकांच्या उजव्या हातावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. मी धावलो, तर तिथे उभ्या असलेल्या दोघा रहिवाशांनी मला आडवा पाडून लाथा घातल्या. त्यातला एक बँकेचा मॅनेजर, एरवी माझी आवर्जून चौकशी करणारा. माझं तोंड रक्ताने भरलं. दुखत होतंच, पण संताप त्याहून जास्त होता.

पडल्या पडल्या भिंतीवरचे खडूचे आकडे दिसले, तारखांसकट. पंप बंद होता. तरी डोक्यावरचा पंपाचा मीटर भराभर पळत होता.

मी उठलो आणि त्या मीटरचा फ्यूज उपटला.

बाहेर गलका झाला. गाडीचं चार्जिंग थांबलं होतं. फ्यूज बसवला, सुरू झालं. पुन्हा काढला, बंद पडलं. मग मी तोच पाना घेऊन बाहेर आलो आणि गाडीच्या प्लगमागची, वायर झाकणारी पट्टी उखडली. वायर घराच्या मीटरकडे जातच नव्हती, ती थेट पंपाच्या मीटरवर जोडली होती. पेटी फोडली. आत एक सेल, हिरवा दिवा आणि वजनाला विटेचा तुकडा.

आता जमाव महाराजांवर तुटून पडला. कोट फाटला, नाक फुटलं. सगळ्यात पुढे तोच मॅनेजर.

"सोडा त्याला, पोलीस बोलवा," पंपाच्या खोलीच्या दारातून काका कण्हत म्हणाले. "मलाही तुम्ही असंच मारलंत, काही न बघता."

हात थांबले. काकांची माफी मात्र कोणी मागितली नाही.

घरी गाडी चार्ज करायला आमच्याकडे पेट्रोलच्या साधारण पाव खर्च येतो. खरा हिशोबच इतका चांगला होता, तरी यांना फुकट हवं होतं. आणि फुकट मिळतंय म्हटल्यावर ते कोणाच्या मीटरवरून येतंय, हे बघायची कोणाला गरज वाटली नाही.

काकांची बोटं आता पूर्ण वळत नाहीत. आकडे ते डाव्या हाताने लिहितात, वेडेवाकडे, पण पंप बंद करतानाचे आणि सुरू करतानाचे, दोन्ही वेळचे. माझं एवढंच म्हणणं आहे, एक मीटर थांबलेला दिसला तर हात जोडण्याआधी दुसरा बघा. हात उचलण्याआधी तर बघाच.