पेजेचं पथ्य

ऐन पावसाळ्यातला कर्कडक महिना लागला की केरळातल्या पय्यन्नूरच्या कुंजंबू वैद्यरांच्या ओसरीवर औषधी पेजेच्या पाकिटांची थप्पी लागते. महिना सरला की त्या पेजेला कुत्रं विचारत नाही; उरलेला तांदूळ किड्यांचा.

यंदा गिऱ्हाइकांच्या आधी अन्नसुरक्षा अधिकारी विलासिनी मॅडम आल्या.

"वैद्यर, हे औषध का?"

"औषधच! सांधेदुखी, वात, सगळ्यांवर. ठळक छापलंय की."

"मग औषधाचा परवाना दाखवा."

"छे हो! तांदूळ, मेथी, चार मुळ्या. पेज ती! अन्न."

"अन्नानं सांधे बरे होतात असं छापता येत नाही."

कुणी काय खाऊ नये याचे शेकडो श्लोक वैद्यरांना तोंडपाठ. खाण्याच्या पाकिटावर काय छापू नये, याचा एकही नाही. नशीब, बायकोनं लोणच्यापायी घराच्या नावे अन्नाची नोंदणी करून ठेवली होती; त्यात पेज घुसवता आली. "आयुष्यभर माझ्या लोणच्याला अपथ्य म्हणालात," नाणीअम्मा म्हणाली, "शेवटी त्याच्याच पदराआड लपलात ना?"

नवी पाकिटं आली. वर नुसतं 'पेजेचं मिश्रण'. वैद्यरांचा जीव खालीवर. पण माल भराभर उठू लागला, कारण पाकीट हातात देताना जुन्या सवयीनं ते बजावत, "मासे बंद, चिंच बंद." इतकं पथ्य म्हणजे औषध जहाल, हे गावाला छापून सांगावं लागत नाही.

मॅडमनी नेमकं तेच फाटकातून ऐकलं.

"पथ्य सांगितलंत की झालं औषध. यापुढं सांगायचं, मासे खाल्ले तरी चालतील. नाहीतर थप्पी जप्त."

वैद्यरांनी पडेल आवाजात तसं सांगितलं आणि ओसरी ओस पडली. तारली खाऊन घ्यायची पेज? त्यापेक्षा घरचा भात काय वाईट!

महिना उतरणीला लागला तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली. मॅडम आपल्या म्हाताऱ्या आईला धरून आणत होत्या. ओसरीवर पाचसहा रोगी नुसतेच टेकले होते.

"वैद्यर, गुडघे बोलू लागलेत," म्हातारी म्हणाली. "पेज हवी. मासे सोडू ना?"

वैद्यरांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम एकदम नारळाच्या शेंड्याकडं पाहू लागल्या.

"अम्मा, मासे खायला सरकारची हरकत नाही," वैद्यर म्हणाले.

"सरकारची नाही हो. तुमची?"

वैद्यरांनी तोंड उघडलं, थप्पीकडं नजर टाकली आणि मिटलं.

"कळलं," म्हातारी म्हणाली. "दोन पाकिटं द्या. आणि विलासिनी, आजची तारली तू एकटीच खा."

ओसरीवरचे सगळे एकदम उठले. "आम्हालाही! आणि आम्हालाही तुम्ही काही सांगू नका, वैद्यर!"

मॅडमनी वही काढली, पेन उघडलं. न बोललेलं लिहायला रकाना नव्हता. वही मिटून त्या आईच्या मागं रांगेत उभ्या राहिल्या.