टाके किती पडले

स्टोव्हच्या भडक्यात महादेवीचा दंड भाजला, ते साल अठ्ठ्याण्णव. तिच्याच चामडीच्या तुकड्यापासून मुंबईच्या प्रयोगशाळेत तीन आठवडे वाढवलेली त्वचा डॉ. श्रीशैलनं त्या दंडावर बसवली, तीही एक टाका न घालता, औषधी डिंकानं चिकटवून. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ त्वचा ती. आठवडाभर तिला धक्का लागू द्यायचा नव्हता.

पण धारूरहून भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "टाके किती पडले?"

"एक बी न्हाई," सासरे मन्मथप्पा खालमानेनं सांगायचे, जणू सुनेवर उपचारच झाले नव्हते.

श्रीशैल समजावून समजावून थकला. तिसऱ्या दिवशी नांदूरघाटच्या आत्याबाईंनी खात्री करायला पट्टीचं टोक उचललं आणि बोटभर त्वचा पट्टीबरोबर निघून आली.

"डिंकानं पतंग चिटकवतेत, डॉक्टरसाब. माणसाला शिवावं लागतंय," मन्मथप्पांनी वर त्यालाच सुनावलं. त्यांचं कापडाचं दुकान होतं.

श्रीशैलचं डोकं फिरलं. त्यानं नवी जाड पट्टी बांधली आणि नुसत्या पट्टीवरच काळ्या दोऱ्याचे सात ठसठशीत टाके घातले.

"मोजा आणि बाहेर व्हा."

सगळे मोजून, समाधानानं बाहेर गेले. महादेवीनं मात्र सुई कुठून कुठं गेली ते नीट पाहिलं होतं. निदान हिला तरी कळलं, म्हणून त्याला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "डॉक्टरसाब, अजून तीन घाला की. धाकट्या जावेला सिझरला नऊ पडलते."