सात सुगरणी

चाकू घ्यायला निघालेल्या बाईनं केसांत शेवंती माळावी का, असा प्रश्न बंडूला पडला होता.  फटफटीला किक मारता मारता त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. बायकोनं, दुर्गाबाईनं, लग्नाकार्याची मोरपंखी साडी नेसली होती, पदर घट्ट खोचला होता, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली काड्यांची मोळी मांडीवर अशी धरली होती, जशी लेकीच्या बाळंतपणाहून नातच घेऊन निघाली आहे.

"हे जंबेरीचं सरपन अमरावतीले कायले नेऊन राहिली वं?"

"मांग पाहू नका. रस्ता पाहा."

मोर्शी मागं पडली. थंडीचं कोवळं ऊन रस्त्यावर लोळत होतं, दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा धावत होत्या, आणि दुर्गाबाई पहिल्यांदा जत्रेला निघालेल्या पोरीसारखी मान उंचावून पुढं पाहत होती. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिनं विळा घेतला होता, विळी घेतली होती, खुरपी तर किती घेतली याची गणती नाही. पण घडीचा, खिशातला, स्वतःच्या नावाचा चाकू ही पुरुषांची चीज. तो आज घ्यायचा होता. आजच. उद्या सकाळी नर्सरीतली रोपांची ओळ तिची वाट पाहत होती.

अठरा वर्षं ती गजेंद्रभाऊंच्या नर्सरीत संत्र्याची कलमं बांधत होती. तिथलं काम जोडीचं. पुढं चाकूवाला, मागं पट्टीवाली. चाकूवाला जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, कोवळ्या खोडावर एक आडवी, एक उभी चीर देतो, साल हलकेच उचलतो आणि संत्र्याच्या काडीवरून सोललेला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, त्या फटीत सारतो. मागची बाई त्यावर पट्टी गुंडाळते, डोळा तेवढा उघडा ठेवते, गाठ मारते आणि म्हणते, "पुढं." मग चाकूवाला पुढच्या रोपाकडं सरकतो. चीर बिघडली असेल, साल फाटली असेल, तर पट्टीवाली काही बोलत नाही. ती गप्प राहिली की चाकूवाल्यानं समजून घ्यायचं, मागं वळायचं, आणि रोपाच्या दुसऱ्या अंगाला पुन्हा चीर द्यायची.

दुर्गाबाईच्या पुढं कायम गोवर्धनभाऊ असत. नर्सरीतला सगळ्यात जुना हात. तीस वर्षांचा त्यांचा 'सुगरण छाप' चाकू झिजून झिजून द्वितीयेच्या चंद्रासारखा झाला होता. त्याच्या पात्यावर सुगरण पक्ष्याचं इवलंसं चित्र, मूठ शिसवाची. गोवर्धनभाऊ त्यानंच डोळे भरत, त्यानंच न्याहारीचा कांदा चिरत, त्यानंच पायातला काटा काढत, आणि संध्याकाळी धोतराच्या सोग्यानं पुसून खिशात घालत. त्यांच्यामागं उकिडवी सरकत दुर्गाबाई पट्ट्या बांधायची आणि गुणगुणायची:

जंबेरीच्या बाई घरी संत्रा आला पाहुणा,
सालीखाली निजला गं, कोनी त्याले उठवू ना.

आणि काल बाळापूरकडच्या एका कास्तकाराची मागणी आली. दहा हजार कलमं, तीही महिन्याच्या आत. गजेंद्रभाऊ डोकं धरून बांधावर बसले. चाकू चालवणारे हात तीनच. चौथा कुठून आणायचा? तेव्हा दुर्गाबाईच्या तोंडून, तिलाही न विचारता, शब्द निघून गेले, की मले एक ओळ देऊन पाहा. दोघं-तिघं हसले. एकानं विचारलं, बांगड्या काढून करशील का घालून. गजेंद्रभाऊ मात्र हसले नाहीत. उद्या नाही, परवा सकाळी एक ओळ भर, म्हणाले. गोवर्धननं ती पास केली तर अर्धी मागणी तुझ्या हाताची, नाहीतर पुन्हा पट्टी.

गोवर्धनभाऊंनी इतकंच सांगितलं की चाकू स्वतःचा पाहिजे. "चाकू म्हंजे विरजन नोहे दुर्गाबाई, शेजारून आनाले."

म्हणून ही अमरावती, ही शेवंती आणि ही मोळी.

अमरावतीच्या इतवारा बाजारात नत्थुजींचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. आत अडकित्ते, कात्र्या, वस्तरे, आणि मधोमध पांढऱ्या मिशांचे नत्थुजी. दुर्गाबाईनं 'सुगरण छाप' म्हणताच त्यांचा चेहरा ओशाळा झाला. त्यांनी एक पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून सात चाकू एकेक करून फळीवर मांडले. हातात एकही दिला नाही. चाकू हातोहात दिला की भांडण होतं, हे तेही मानत होते. सातही सारखे. शिसवाच्या सात मुठी, सात पाती, सात सुगरणी.

मग त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. या चाकूची हुबेहूब नक्कल बाजारात आली आहे. ते दोन्ही ठेवत, दोन डब्यांत, दोन भावांत, आणि गिऱ्हाइकाला सांगून विकत. दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनी दोन्ही डबे एकात ओतले. तेव्हापासून त्यांनाच कळेना, असली कोणता अन् नकली कोणता. "ज्याची मले शपथ घेता येत नाई, तो मी असलीच्या भावात कसा देऊ? सातातला कोन्ताही नकलीच्या भावात घ्या. निंघाला असली, तर तुमचं नशीब."

बंडूला तर घबाडच सापडलं. त्यानं बाही वर सारली. चाकू पारखायची पुरुषांची एक रीत आहे. मनगटावरचे केस भादरून पाहायचे. पहिल्या चाकूनं केस साफ उडाले. दुसऱ्यानंही उडाले. तिसऱ्यानं, चौथ्यानं. सातव्या चाकूपर्यंत बंडूचा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोललेल्या कोंबडीसारखा झाला, आणि निकाल काहीच लागला नाही. सातही वस्तऱ्यासारखे. तरी त्यातला सगळ्यात चकचकीत एक त्यानं उचलला. यावरची सुगरण कशी ठसठशीत आहे, चोच पण दिसून राहिली, हाच असली, असं तो ठामपणे म्हणाला.

दुर्गाबाई चाकूंकडं पाहतच नव्हती. तिनं मोळी सोडली. ओल्या गोणपाटातून जंबेरीचा हिरवा, आंबटसर वास दुकानभर पसरला. पट्टी बांधणाऱ्या बाईला चाकूतलं काय कळतं, हे कालपासून तिच्या कानात वाजत होतं. खरंच होतं ते. चाकू तिनं कधी धरला नव्हता. पण चिरा? अठरा वर्षं, दिवसाला शेकडो चिरा तिच्या बोटांखालून गेल्या होत्या. सकाळी कोणाच्या चाकूला धार होती आणि दुपारी कोणाची गेली, हे चाकूवाल्याच्या आधी तिला कळायचं. चांगल्या चाकूची चीर मिटलेल्या ओठांसारखी असते. वाईट चाकूची चीर कोरेला बारीक तुसं सोडते, साल चुरगळते, अन् तिथं डोळा मरतो.

तिनं नत्थुजींना खडू मागितला. फळीवर एक ते सात आकडे घातले, आणि बंडूला सांगितलं की मी पाठ फिरवली की प्रत्येक आकड्याखाली मनाला येईल तो चाकू ठेवा, अन् प्रत्येकानं तीस-तीस चिरा द्या, एका दाबानं, म्हणजे कोणाची धार टिकते ते कळेल. शेवटची चीर ज्या काडीवर पडेल, ती काडी आकड्यांच्या क्रमानं मला द्या. कोणता चाकू कुठं ठेवला, ते सांगू नका.

"अन् तू?"

"मी तिकडं तोंड करून बसतो," ती म्हणाली, आणि रस्त्याकडं तोंड करून पायरीवर बसली.

रविवारचा बाजार, पायरीवर ठेवणीतली साडी नेसून बसलेली बाई आणि आत घाम पुसत काड्या चिरणारा नवरा पाहून माणसं थांबू लागली. शेजारचा कुलूपवाला आला. चहावाला कपांची थाळी घेऊन तसाच उभा राहिला. कोणीतरी म्हणालं, भविष्य सांगून राहिली का बाई? कुलूपवाल्यानं एक चहा पैजेला लावला, की एकही ओळखता येणार नाही.

पहिली काडी मागून आली. दुर्गाबाईनं ती बोटांत फिरवली, अंगठ्यानं चीर उघडली, पुन्हा मिटली. कोरेला बारीक तूस लागलं.

"मेला," ती म्हणाली.

दुसरी काडी. तिथं साल पापडासारखी चुरली होती. "हाही मेला."

तिसरीला तिनं वेळ लावला. डोळे मिटले. चीर उघडली, आणि आतून ओलावा बोटाला लागला, गार, गुळगुळीत. बाळाच्या हिरडीसारखा. 

"जिता हाय हा," ती हळूच म्हणाली, आणि मागं गर्दीत कोणीतरी शीळ घातली.

चौथा मेला. पाचवा मेला. सहावा जिता. सातव्या काडीची चीर तिनं दोनदा उघडली, दोनदा मिटली. बंडूचा श्वास तिला मागून ऐकू येत होता; हा त्याचा ठसठशीत चोचीचा, हे तिला त्या श्वासावरूनच कळलं असतं. पण काडी काही वेगळं सांगत नव्हती.

"मेला," ती म्हणाली. "माफ करजा."

नत्थुजी उठले. त्यांनी शिळं वर्तमानपत्र घेतलं, आणि तीस-तीस चिरा देऊन दमलेले सातही चाकू एकेक करून त्याच्या कडेवर उतरवले. पाच चाकूंनी कागद ओरबाडला, गोळा केला, फाडला. तिसरा आणि सहावा मात्र कागदातून असे उतरले, जशी पाण्यातून मासोळी. दुकानात एकच कल्ला झाला. कुलूपवाल्यानं हरल्या तोंडानं सगळ्यांचा चहा सांगितला. बंडूनं आपला भादरलेला हात सगळ्यांना दाखवत जाहीर केलं, की ही माझी बायको आहे, अन् हा हात तिच्या परीक्षेत कामी आला आहे.

दोन जित्यांपैकी तिसऱ्या आकड्याचा दुर्गाबाईनं उचलला. बाकी काही नाही, मूठ तिच्या तळव्यात बसली म्हणून. मिटताना तो 'टक्' म्हणाला. आवाज लहान होता, पण त्यात कुठं खुळखुळ नव्हती. त्यावरची सुगरण पुसट होती, चोच जवळजवळ नव्हतीच. नत्थुजींनी ठरल्याप्रमाणं नकलीचा भाव सांगितला. ती ऐकेना.

"आता तर शपथ घेता येते ना तुमाले?" ती म्हणाली. "मंग असलीचा भाव सांगा. उद्या मी फुकटचा चाकू घेऊन ओळीत नाई बसत."

नत्थुजींनी भाव घेतला, आणि वरून चाकूला दगडावर अशी धार लावून दिली की बंडूनं दुसरा हात मुकाट्यानं पाठीमागं लपवला.

परतीच्या वाटेवर वारा कानात शिरत होता आणि कमरेच्या बटव्यात चाकू मांडीला हलकेच टोचत होता. दुर्गाबाई मोठ्यानं गाऊ लागली, फटफटीच्या आवाजावर आवाज चढवून:

इतवाऱ्याच्या बाजारात सात सुगरणी सारख्या,
दोनच आपल्या निंघाल्या गं, पाच साऱ्या पारख्या.

सकाळी नर्सरीत दव होतं. गजेंद्रभाऊंनी ओळ दाखवली. शंभर रोपं, पेन्सिलीएवढ्या जाडीची. दुर्गाबाई पहिल्या रोपापाशी बसली, आणि मागं पाहिलं तर पट्टी बांधायला कोणीच नव्हतं. बायका एकमेकींकडं पाहत होत्या. सगळ्यांच्या मनात एकच होतं, की बाईच्या मागं बाई कधी बसली आहे का?

गोवर्धनभाऊंनी आपला चाकू मिटला. बांधावर ठेवला. पट्ट्यांचा जुडगा खांद्यावर टाकून ते गुडघे मोडत, कण्हत, दुर्गाबाईच्या मागं उकिडवे बसले. "चाल," म्हणाले. "किती वर्सं झाली, गाठ कशी मारतात इसरलो असन. सांभाळून घेजो."

तिनं चाकू उघडला. पुसट सुगरण दवात चमकली. आडवी चीर. उभी चीर.  सालीतून पातं असं गेलं, जशी त्याला वाट आधीपासून ठाऊक होती. काडीवरून डोळा सोलला. साल उचलली. डोळा आत सारला. संत्रा जंबेरीच्या घरी गेला.

तिनं हात मागं घेतला आणि पुढं पाहत बसली. चाकूवाल्यानं मागं पाहायचं नसतं. गोवर्धनभाऊंची ताठ मान तिनं अठरा वर्षं पाहिली होती. ती मान ताठ असायची कारण कान मागं लागलेले असायचे, हे तिला आज कळलं. मागं पट्टी सळसळली. एक वेढा. दुसरा. मग थांबली. म्हातारं बोट चिरेवरून फिरत असावं. लांब कुठं होला घुमला. बांधावर गजेंद्रभाऊ उभे राहिले. 

गाठ आवळल्याचा बारीक आवाज आला.

"पुढं," गोवर्धनभाऊ म्हणाले.

ती सरकली.