हळदीच्या फडक्यातली बाधा

पारोळ्याजवळच्या त्या गावात दर मंगळवारी लोटनबुवाच्या ओट्यासमोर बायकांची ही गर्दी! जे दुखणं नवऱ्यालाही सांगायचं नाही, ते बुवाला मात्र बिनदिक्कत सांगायचं. खाज, आग, अंगावरून जाणं. बुवा बाईच्या हाती हळदीचं पिवळं फडकं देई, त्यावर अंगाऱ्याचं पाणी शिंपडी, आणि फडकं रक्तासारखं लाल होई.

"निंघनी! बाधा निंघनी!" बुवा गरजे. मग त्याच पाण्याने आतून धुवायची आज्ञा. आग झाली तर ती बाधाच जळतेय म्हणे: "बाधा जयी राहिनी. जितली आग, तितली बाधा." आता असं औषध चुकणार तरी कसं?

बेबाबाईला तिची सासू मंजुळाबाई माझ्या दवाखान्यात घेऊन आली, तेव्हा पोरीला धड चालता येत नव्हतं. सासू म्हणाली, "डॉक्टरीनबाई, बाधा हट्टी शे. आखाजीना सणले माहेर जाई ना, तिले तठेच ठेवसू. कायमनी."

मी तपासलं. आतली नाजूक कातडी भाजून निघाली होती.

"महिन्याचे कपडे कुठे वाळवतेस?"

बेबाबाई खाली बघत म्हणाली, "पऱ्हाटीना ढीगमांगे. कोनले दिसाले नको."

कापसाच्या वाळल्या काड्यांच्या त्या ढिगामागे ऊन कुठलं? मूळची खाज त्या दमट कपड्यांची. वर बुवाचा अंगारा.

मंगळवारी मी ओट्यासमोर गेले. हळदीचं फडकं घरून नेलं होतं. ते पायरीच्या दगडाला गुंडाळलं आणि बुवाच्याच तांब्यातलं पाणी ओतलं. लाल झालं.

"बुवा, या दगडाला कुठे दुखतंय?"

मग लिंबू पिळलं. फडकं पुन्हा पिवळं. "बायांनो, अंगाऱ्यात चुना आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. घरातलं कुंकू असंच तर बनतं!"

"मंग मनी सूनले इतली आग का व्हयनी?" मंजुळाबाई भर गर्दीत बोलून गेली.

"अंगाराम्हा सत शे!" बुवा ओरडला.

"मग चिमूटभर अंगारा ओठाच्या आत धरा. तिथली कातडीही तशीच ओली, तशीच नाजूक."

मी अंगाऱ्याची चिमूट पुढे केली. बुवाने तिच्याकडे पाहिलं. "आज मना उपास शे," म्हणाला. बायका हसल्या. पुढच्या मंगळवारी ओट्याला कुलूप होतं.

परदेशात म्हणे माणसाच्या पेशी बशीत वाढवून कातडी तयार करतात आणि औषध आधी तिला लावून पाहतात. जिवंत माणसाला आग होऊ नये म्हणून. मासिकात वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बेबाबाई आली. आमच्याकडे बशीचा खर्चच नाही, सुना आहेत.

बेबाबाई बरी झाली. तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली ती सासरच्यांनी परत आणलीच नाही. मी मंजुळाबाईला गाठलं.

"बाधा नव्हती, माले पटनं," ती म्हणाली. "पन बठ्ठा गावले कयनं ना!"

संताप आला. सगळ्या गावाला कळलं होतं ते तिच्याच तोंडून, आणि मी मांडलेल्या खेळात. बुवाला पळवायला एक लिंबू पुरलं. ही लाज कशाने उतरवायची?

बायांनो, महिन्याचे कपडे अंगणातल्या दोरीवर, उन्हात वाळत घाला. बघणाऱ्याला बघू द्या. आणि औषधाने आग झाली, तर ते औषध आधी फेकून द्या.